टायमिंग बेल्ट : गाडी मस्त चालतेय, मग बदलायचा कशाला?

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी, आणि त्यातही ज्यांनी नुकतीच सेकंड-हँड गाडी घेतली आहे किंवा घ्यायचं चाललंय त्यांच्यासाठी. फक्त स्कूटर असलेल्यांनीही लगेच बंद करू नका, तुमच्या बेल्टबद्दलही मध्ये दोन शब्द येणार आहेत.

विषय कुठून आला ते सांगतो. आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, "दादा, मी आठ वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक घेतली. रनिंग ६८ हजार. गॅरेजवाला म्हणतोय टायमिंग बेल्ट बदलून घे, १४ हजार होतील. पण गाडी तर मस्त चालतेय. आवाज नाही, काही नाही. बाबा म्हणतात, गॅरेजवाले असंच सांगतात, चालतंय तोवर चालवायची. गणपतीला आई-बाबा आणि आजीला घेऊन गावी जायचंय, पुण्याहून सावंतवाडीच्या पुढे. आत्ता करू, की दिवाळीचा बोनस आल्यावर?"

आधी उत्तर देतो, नाहीतर तू शेवटपर्यंत ताटकळत बसशील. गणपतीच्या आधी कर. आता का, ते नीट सांगतो, म्हणजे तुला बाबांनाही सांगता येईल.

इंजिनात खाली एक जाड दांडा फिरतो, तो क्रँकशाफ्ट. पिस्टन वर-खाली होतात आणि तो फिरतो, त्याच्यावरच गाडी चालते. वरच्या बाजूला, म्हणजे हेडमध्ये, दुसरा दांडा असतो, कॅमशाफ्ट. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. हवा आत घ्यायची, धूर बाहेर सोडायचा, ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. आता खालचा दांडा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. जरासुद्धा पुढे-मागे नाही. हे गणित जमवून ठेवणारा जो दातेरी रबरी पट्टा, तो टायमिंग बेल्ट.

मीटरवर ३००० आरपीएम दिसतात तेव्हा क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरत असतो, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडत-मिटत असतो. तू गाणं बदलेपर्यंत शे-दीडशे वेळा.

खरी भानगड पुढे आहे. आजच्या बहुतेक इंजिनांमध्ये पिस्टन वर येऊन ज्या जागेत पोचतो, त्याच जागेत उघडलेला व्हॉल्व्ह खाली उतरलेला असतो. जागा एकच, वेळा वेगळ्या. गिरणगावातल्या खोल्यांबद्दल ऐकलं असेल तुम्ही. एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं राहायची, दिवसपाळीवाला उठून कामावर गेला की रात्रपाळीवाला येऊन त्याच जागी अंथरूण टाकायचा. तसंच हे. टायमिंग बेल्ट म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंगा वेळेवर वाजतोय तोवर कुणाची कुणाशी टक्कर नाही.

बेल्ट तुटला की काय होतं? वरचा कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पण खालचा क्रँक लगेच थांबत नाही. त्याला स्वतःचा वेग असतो, शिवाय गाडी गिअरमध्ये असते, म्हणजे चाकंच त्याला फिरवत राहतात. पिस्टन वर येतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात. नशीब चांगलं असेल तर तेवढ्यावर भागतं. नसेल तर व्हॉल्व्हचे गाइड फुटतात, पिस्टनला खड्डे पडतात, कधी कॅमशाफ्टच तुटतो. काही जुन्या इंजिनांत दोघांच्या मध्ये पुरेशी मोकळी जागा असायची, तिथे बेल्ट तुटला तरी नवा टाकून गाडी पुन्हा चालू व्हायची. डिझेलमध्ये ती आशा जवळपास सोडूनच द्या. डिझेल पेटतं ते हवा दाबून दाबून तापवल्यामुळे, त्यामुळे पिस्टन आणि हेडच्या मध्ये जागा अगदीच कमी ठेवलेली असते.

आता बाबांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांना हसू नकोस. "चालतंय तोवर चालवा" हे त्यांच्या काळात शहाणपणच होतं. प्रीमियर पद्मिनी घ्या, अँबेसेडर घ्या, दोन्हींच्या इंजिनात आत लोखंडी साखळी होती. टायमिंग चेन. ती जुनी झाली की खडखडायची, आधी नोटीस द्यायची. मेस्त्री बॉनेटला कान लावून सांगायचा, साहेब, चेन आली हो. त्यातून शिकलेला माणूस आवाजाचीच वाट बघणार ना! पण रबरी बेल्टचं तसं नाही. मारुती ८०० पासून आपल्याकडच्या घराघरात हा बेल्ट आला, पण सवय मात्र साखळीच्या काळातलीच राहिली.

हा बेल्ट आला कशाला, असं कुणी विचारेल. १९६२ च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या छोट्या गाडीत तो दिला, मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या गाड्यांमधली ती पहिली. साखळीपेक्षा स्वस्त, हलका, आवाज कमी आणि तेल लागत नाही. सोय खरंच होती. किंमत एवढीच, की त्याला आयुष्य असतं, आणि ते संपलं की तो सांगत नाही.

का सांगत नाही? बाहेरून तो रबर दिसतो, पण ताण सहन करतात ते आतले काचतंतूंचे दोरे. ते आतल्या आत थकतात. पूर्वीच्या बेल्टच्या रबराला भेगा पडायच्या, त्या बघून अंदाज यायचा. आताचं रबर जास्त टिकाऊ आहे, त्यामुळे वरून बेल्ट झकास दिसतो आणि आतले दोरे मात्र संपत आलेले असतात. किंवा बेल्ट तुटतच नाही, क्रँकच्या पुलीपाशी त्याचे चार-पाच दात सोलून निघतात. परिणाम तोच. म्हणून कुणी वरचं कव्हर काढून टॉर्च मारली आणि "चांगला दिसतोय, अजून २० हजार जाईल" असं म्हणाला, तर त्याचे आभार मानायचे आणि वहीत लिहिलंय तेच करायचं.

वही म्हणजे ओनर्स मॅन्युअल किंवा सर्व्हिस बुक. त्यात बेल्टसाठी दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं. जे आधी होईल ते धरायचं. गाडीगाडीप्रमाणे हे आकडे खूप बदलतात, कुठे ६० हजार, कुठे एक लाख, कुठे त्याहून जास्त. म्हणून मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आणि वर्षांचा आकडा लोक सरळ विसरतात. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी रबर म्हातारं होत असतं. "डॉक्टर वापरायचे, फक्त दवाखाना ते घर" अशी जाहिरातीतली गाडी बघून खूष होऊ नका, तिचा बेल्ट कदाचित आठ वर्षांचा असेल.

किलोमीटरचा आकडाही अर्धंच सांगतो बरं का. एक छोटा हिशोब करू. गाडी हायवेला ताशी ६० च्या सरासरीने चालली तर एक लाख किलोमीटरला साधारण १,६६७ तास लागतात. तीच गाडी हिंजवडी किंवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० ने सरकली तर ५,००० तास. मीटर दोन्हीकडे एक लाखच दाखवणार. पण बेल्ट किलोमीटर मोजत नाही, तो फेरे मोजतो. हायवेला सरासरी २००० आरपीएम धरले तर क्रँकचे २० कोटी फेरे, शहरात सरासरी १५०० धरले तरी ४५ कोटी. सिग्नलला एसी लावून उभे असता तेव्हाही तो फिरतोच आहे. बहुतेक कंपन्या शहरी ट्रॅफिक, धूळ, सतत चढ-उतार याला कठीण वापर म्हणतात आणि अशा गाड्यांची कामं लवकर करायला सांगतात. पुण्या-मुंबईची कुठली गाडी यातून सुटते सांगा.

आता पैशांचं बोलू, कारण अडलंय तिथेच. १४ हजार ही काही छोटी रक्कम नाही. पहिल्या-दुसऱ्या नोकरीत, घरभाडं आणि गाडीचा हप्ता जाऊन, १४ हजार बाजूला काढायचे म्हणजे महिनाभर हात आखडावा लागतो, मला कळतं. पण दुसऱ्या बाजूला काय आहे बघ. बेल्ट तुटला तर हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह नवे, गाइड-सील नवे, हेड मशीन शॉपमध्ये पाठवायचं, हेड गॅस्केट, आणि एवढं करून बेल्ट तर नवा घालावाच लागतो. ते १४ हजार त्यातही आहेतच! डिझेल गाडीत हे बिल लाखाच्या आसपास सहज जातं. जुन्या गाडीला एवढा खर्च करावा का, असा प्रश्न पडतो. मग कुणीतरी सुचवतं, भंगारातलं इंजिन टाकू. चांगली गाडी अशीच कवडीमोलाने जाते.

आणि इन्शुरन्स? इथे बरेच जण गाफील असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड स्पष्टपणे वगळलेले असतात. अपघात, चोरी, आग, पूर, हे चालतं. बेल्ट म्हातारा होऊन तुटला, याचे पैसे मिळत नाहीत. इंजिनसाठी वेगळं ॲड-ऑन घेतलं असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरणं, ऑइल गळणं अशा गोष्टींसाठी असतं. पॉलिसीचा कागद एकदा उघडून बघा.

बरं, आपल्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे कसं कळणार? गाडीच्या नावावरून सांगू नका, इंजिनावरून सांगा. स्विफ्टचंच घ्या. २००५ ला आलेल्या पहिल्या १.३ पेट्रोलला बेल्ट होता. पुढे आलेल्या १.३ डिझेलला चेन, आणि नंतरच्या १.२ पेट्रोललाही चेन. नाव एकच! जुन्या सँट्रोला बेल्ट, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट, पोलोच्या १.५ डिझेललाही बेल्ट. जुन्या २.५ डिझेल इनोव्हालाही बेल्टच, आणि तिच्या डॅशबोर्डवर तर "टी-बेल्ट" असा दिवाच आहे, ठरलेले किलोमीटर झाले की पेटतो. पण तो दिवा फक्त मीटर बघतो, बेल्ट बघत नाही, आणि नवा बेल्ट न घालताही रीसेट करता येतो. सेकंड-हँड इनोव्हा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

चेनवाल्यांनी फार खूष होऊ नका. चेन ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती सैल होते. सकाळी गार इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आली तर दुर्लक्ष करू नका. आणि काही नव्या छोट्या टर्बो इंजिनांत तिसराच प्रकार आहे, ऑइलमध्ये बुडून चालणारा बेल्ट. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये तो होता. तिथे चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा ऑइल बदलायला उशीर केला की बेल्टचं रबर सुटू लागतं आणि त्याचे कण ऑइलची जाळी चोंदवतात. तशी गाडी असेल तर ऑइलमध्ये शंभर रुपये वाचवायला जाऊ नका.

स्कूटरवाले, तुमचा नंबर. गिअरलेस स्कूटरमध्ये जो बेल्ट असतो तो चाकाला ताकद पोचवणारा. तो तुटला तर इंजिन चालू राहतं, स्कूटर पुढे जात नाही. वैताग होतो, पण इंजिन वाचतं. आणि कारमध्येही गल्लत होते. अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बाहेरचा पट्टा, ज्याला सगळे "फॅन बेल्ट" म्हणतात, तो वेगळा. गाडी विकणारा म्हणाला "बेल्ट बदललाय हो", तर विचारा, कुठला? आणि बिल बघा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून चाला, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. हे बोलायची वेळ टोकन देण्याच्या आधीची.

काम करून घेताना फक्त बेल्ट बदलू नका, किट बदला. बेल्टला ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर पुली यांची बेअरिंगं तेवढीच म्हातारी झालेली असतात. पुली जाम झाली तर नवा कोरा बेल्टही ती खाऊन टाकते. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. तुझ्या गाडीत तसं असेल तर तोही आत्ताच बदल. पंप हजार-दोन हजारांचा आणि मजुरी सगळी तीच. सहा महिन्यांनी पंप गळला तर तेच सगळं परत खोलावं लागेल, वर कूलंटने नवा बेल्ट भिजेल तो वेगळाच. क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर सीलही घालून घे. ऑइल लागलेला बेल्ट वेळेआधी जातो.

माल कुठला घालतोय ते बघ. डुप्लिकेट बेल्ट बाजारात मिळतात, खोक्यावर नाव हुबेहूब असतं. कंपनी पार्ट घे, किंवा नावाजलेल्या ब्रँडचं किट ओळखीच्या दुकानातून बिलासकट घे. बेल्ट घरी आणलास तर खोक्यातच ठेव. हातात घेऊन घडी घालू नकोस, पिरगळू नकोस, त्याने आतले दोरे मोडतात.

मेस्त्री कसा आहे हे कळायला एक सोपी गोष्ट सांगतो. नवा बेल्ट चढवल्यावर चांगला मेस्त्री लगेच चावी मारत नाही. तो क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो आणि खुणा परत जुळतायत का बघतो. दात चुकले असतील तर खुणा जुळत नाहीत किंवा हाताला अडकल्यासारखं लागतं, आणि नुकसान होण्याआधी कळतं. बऱ्याच गाड्यांत क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवायला खास पिना असतात. तुझ्या इंजिनाच्या पिना आहेत का, असं फोनवरच विचार. "लागत नाहीत, आपण खडूची खूण करतो" असं उत्तर आलं, तर मी असतो तर दुसरीकडे फोन केला असता. बाबांचा संशय गॅरेजवर आहे ना, तर आणखी दोन ठिकाणी दर विचार आणि वहीतलं पान त्यांना उघडून दाखव. संशय असाच जातो.

आणि समजा, हे ऐकणाऱ्या कुणाचा बेल्ट रस्त्यातच तुटला तर? इंजिन एकदम बंद पडतं, धक्का देत-देत नाही. स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन वेळा दाबण्यापुरताच उरतो, म्हणून ब्रेक सोडून-सोडून मारू नका, एकदाच दाबून धरा. आंबोलीच्या उतारावर हे फार महत्त्वाचं. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हझार्ड लावा, डावीकडे घ्या, गाडी थांबली की हँडब्रेक ओढा आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. आजीलासुद्धा, पाऊस असला तरी छत्री देऊन. त्रिकोण मागे लांब ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

त्यानंतर एक गोष्ट अजिबात करायची नाही. पुन्हा-पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, आणि आपल्याकडे लगेच जमा होणारी चार मदतीची माणसं "ढकला, ढकला" म्हणतात, तेही नाही. एखाद्या वेळी इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतंय असं ऐकू आलं, तर तो बेल्ट गेल्याचा आवाज समजा आणि तिथेच थांबा. त्या प्रत्येक ढकलीत उरलेले व्हॉल्व्ह वाकू शकतात. टोइंगची गाडी बोलवा.

तर मित्रा, तुझ्यासाठी शेवटचं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कोकणात जाणारा प्रत्येक जण गाडी गॅरेजला लावतो, मेस्त्रीला श्वास घ्यायला वेळ नसतो. घाईत करायचं हे काम नाही. तीन आठवडे आधी नंबर लाव. पैसे एकदम जमत नसतील तर आलॉय, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, जे काही यादीत असेल ते दिवाळीवर ढकल, हे नको. बिलावर तारीख आणि रनिंग लिहून घे, पुढे गाडी विकताना तोच कागद उपयोगी पडेल. काम झाल्यावर दोनशे किलोमीटर शहरात फिरव, खाली काही गळतंय का बघ, आणि वॉटर पंप बदलला असेल तर सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी तपास. मग घाट उतर.

जुना बेल्ट गॅरेजमधून मागून घे आणि घरी बाबांना दाखव. तो अगदी नव्यासारखा दिसण्याची शक्यता बरीच आहे, आणि मग बाबा म्हणतील, "बघ, उगाच १४ हजार घालवलेस." त्याची तयारी ठेव.

काय झालं ते व्हॉइस मेसेजवर कळव. गावच्या गणपतीला आमचाही नमस्कार सांग. भेटू पुढच्या भागात!